भाऊ म्हणतो निकाल असा, मावसभाऊ म्हणतो तसा… सही करू का?

पत्र नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचं आहे. जरा लांब होतं म्हणून कापून देतेय, भाषा त्यांचीच:

"नमस्कार मॅडम. माझं माहेर निफाड तालुक्यात, सहा एकर बागायत आहे, त्यात बरीचशी द्राक्षबाग. जमीन आजोबांच्या वडिलांपासूनची. आम्ही दोन भाऊ आणि मी एकटी बहीण. माझं लग्न १९९१ ला झालं, दादा (वडील) १९९८ ला गेले, मृत्युपत्र वगैरे काही केलं नव्हतं. आई आहे, मोठ्या भावाकडे असते. २००३ मध्ये भावांनी शंभरच्या स्टॅम्पवर वाटणी लिहून घेतली आणि सातबारे वेगळे केले, मला कोणी विचारलं नाही आणि मीपण काही बोलले नाही. आता लहान भाऊ म्हणतो सोसायटीचं कर्ज काढायचंय, हक्कसोडवर सही कर, सोमवारी निफाडला रजिस्टर ऑफिसला ये. मी थोडं थांब म्हटलं तर त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं की सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, बाप २००५ च्या आधी गेला असेल तर मुलीला हिस्सा नाही, सही फक्त फॉर्मॅलिटी आहे. मावसभावाला विचारलं तर त्याने दुसरा मेसेज पाठवला की सगळ्या मुलींना समान हक्क, तोपण सुप्रीम कोर्टाचाच. खरं कोणतं? आणि सही नाही केली तर माहेर तुटेल अशी भीती वाटते."

ताई, आधी एक गोष्ट सांगा, तुम्हाला काहीच मिळत नाही असं भावाला खरंच वाटत असतं तर त्याने तुम्हाला सोमवारी निफाडला बोलावलं असतं का? ज्याचा हक्कच नाही त्याच्याकडून हक्क कोण सोडवून घेतं? म्हणजे त्यालाही कुठेतरी माहितीये, किंवा त्याच्या वकिलाने सांगितलंय, की बहिणीची सही नसेल तर उद्या जमीन विकताना नाहीतर बँकेत अडेल. तर सोमवारी सही करू नका. कधीच करू नका असं मी म्हणत नाहीये हं, फक्त या सोमवारी नको. का ते आता सविस्तर सांगते, जरा मोठं होईल पण चहा घेऊन बसा, कारण हा प्रश्न मला येणाऱ्या निम्म्या पत्रांत असतो आणि दर वेळी तेच दोन मेसेज असतात.

तर ते दोन मेसेज. गंमत अशी की दोन्ही निकाल खरे आहेत. खोटा कोणताच नाही. एक जुना झालाय एवढंच, आणि मेसेज पाठवणाऱ्याने तारीख कापलीये.

तुमच्या भावाचा मेसेज आहे तो प्रकाश विरुद्ध फुलवती या केसचा, ऑक्टोबर २०१५ चा निकाल. मावसभावाचा आहे तो विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा, ११ ऑगस्ट २०२०. पहिला दोन न्यायमूर्तींचा, दुसरा तीन न्यायमूर्तींचा, आणि दुसऱ्याने पहिल्याचं नाव घेऊन सांगितलंय की तो कायदा बरोबर नाही. म्हणजे आज चालतो तो २०२० चा. इथे थांबले असते तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं असतं, पण मग भाऊ तिसरा मेसेज पाठवेल आणि तुम्ही परत गोंधळाल, त्यामुळे हे सगळं कसं कसं होत गेलं ते बघूया.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा आला तेव्हा मुलीला वारस म्हणून जागा मिळाली, पण वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत जन्मापासून मालक फक्त मुलगे. बाप गेला की काय करायचं, तर बाप जाण्याच्या क्षणी वाटणी झाली असं समजायचं (झालेली नसते, फक्त हिशोबापुरतं समजायचं), त्या वाटणीत बापाच्या वाट्याला जे आलं असतं तेवढ्यात मुलीला हिस्सा. ऐकायला बरं वाटतं, पण आकडे बघा. १९७८ ची एक केस आहे, गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई, आपल्या मुंबई हायकोर्टातूनच वर गेलेली, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी निकाल लिहिला. खंडाप्पा मगदूम १९६० ला वारले, मागे बायको हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिशोबाची वाटणी केली तर खंडाप्पा, हिराबाई आणि दोन मुलगे असे चार भाग, प्रत्येकी एक चतुर्थांश, मुली या वाटणीत धरायच्याच नाहीत. मग खंडाप्पांचा जो पाव भाग, त्याचे सहा वारसांत सहा तुकडे. हिराबाईंना दोन्हीकडचं मिळून ७/२४ मिळालं आणि त्या काळात विधवेला एवढं मिळणं म्हणजे फार मोठा निकाल होता, अजून वकील लोक तो काढतात. पण त्याच हिशोबात मुलीच्या वाट्याला किती येतं बघा, १/२४. भावाला ७/२४, बहिणीला १/२४. साडी-चोळीवर बोळवण म्हणतात ती कायद्याच्या पुस्तकात अशी दिसायची.

महाराष्ट्राने यात देशाच्या आधी पाऊल टाकलं, २२ जून १९९४ पासून आपल्याकडे राज्याची दुरुस्ती लागू झाली आणि मुलगी जन्माने हिस्सेदार झाली. पण एक मेख मारून ठेवली, त्या तारखेच्या आधी जिचं लग्न झालंय तिला हे लागू नाही. तुमचं १९९१ चं. म्हणजे तुम्हाला एखादी धाकटी बहीण असती आणि तिचं लग्न ९५ ला झालं असतं तर ती हिस्सेदार आणि तुम्ही नाही, एकाच आईच्या पोटच्या दोघी. मला हा भाग कधीच पटला नाही पण तेव्हा तसं होतं, आणि गावाकडे अजूनही जुनेजाणते लोक "चौऱ्याण्णवच्या आधीचं लग्न, तिला काही नाही" असं छातीठोक सांगतात ते यामुळे. त्यांचं तेव्हापुरतं बरोबर होतं.

मग ९ सप्टेंबर २००५. केंद्राने त्या वारसा कायद्याचं कलम ६ च बदललं, मुलगी ही मुलासारखीच जन्माने हिस्सेदार, लग्न कधी झालं हा प्रश्नच ठेवला नाही. शिवाय कलम २३ काढून टाकलं, ज्यात राहत्या घराची वाटणी भावांच्या मनात येईपर्यंत बहिणीला मागता येत नव्हती. पण कायदा लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट स्पष्ट लिहिली नाही, ती म्हणजे बाप आधीच वारलेला असेल तर काय. आणि त्या एका न लिहिलेल्या ओळीवर देशभरातल्या कोर्टांत पंधरा वर्षं भांडणं चालली. खरंच पंधरा वर्षं. आपल्याच मुंबई हायकोर्टात २०१२ मध्ये एका बेंचने म्हटलं की २००५ नंतर जन्मलेल्या मुलींनाच हा हक्क, म्हणजे तेव्हा सात वर्षांच्या आतली असलेली पोरगी फक्त! २०१४ ला पूर्णपीठाने ते फिरवलं, म्हटलं जन्म कधीचाही असो, ९ सप्टेंबर २००५ ला मुलगी हयात पाहिजे.

पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाचा फुलवतीचा निकाल आला. फुलवतीचे वडील १९८८ ला वारलेले. कोर्ट म्हणालं २००५ च्या त्या तारखेला मुलगीही हयात हवी आणि बापही हयात हवा, हयात हिस्सेदाराची हयात मुलगी. बाप आधी गेला असेल तर मुलीला नव्या कायद्याचा फायदा नाही. हाच तुमच्या भावाचा मेसेज. त्या निकालाने किती बायकांच्या हातातोंडाशी आलेला घास गेला असेल, कारण २००५ ला पन्नाशीत असलेल्या बाईचा बाप हयात असणार तरी किती जणींचा?

२०१८ मध्ये दानम्मा केसमध्ये परत दोनच न्यायमूर्ती, वडील २००१ ला वारलेले, म्हणजे फुलवतीच्या हिशोबाने मुलींना काही मिळायला नको, पण कोर्टाने दोघी बहिणींना प्रत्येकी पाचवा हिस्सा दिला. आता एकच सुप्रीम कोर्ट, दोन निकाल, दोन्हीकडे दोन-दोन न्यायमूर्ती. खालच्या कोर्टातल्या जजने काय करायचं? वादीचा वकील दानम्मा वाचणार, प्रतिवादीचा फुलवती वाचणार. तुमच्या घरात आत्ता जे चाललंय ना, तेच तेव्हा देशभरातल्या कोर्टांत चाललेलं.

म्हणून ते तीन न्यायमूर्तींकडे गेलं आणि विनिता शर्माचा निकाल आला, न्यायमूर्ती अरुण मिश्रा, अब्दुल नझीर आणि एम. आर. शहा. विनिता शर्मांचे वडील ११ डिसेंबर १९९९ ला वारले होते, म्हणजे तुमच्यासारखंच, २००५ च्या बरंच आधी. लोक या निकालातलं ते वाक्य फिरवतात की मुलगा लग्न होईपर्यंत मुलगा, मुलगी आयुष्यभर मुलगी. मला विचाराल तर ते वाक्य छान आहे, स्टेटसला ठेवायला चांगलं, पण निकालाचा जीव त्यात नाही. जीव आहे तो असा: मुलाला हक्क कशाने मिळतो, जन्माने. बाप जिवंत आहे म्हणून मिळतो का? नाही. मग मुलीला "मुलासारखाच" हक्क दिला म्हटल्यावर तोही जन्मानेच मिळणार, बाप २००५ ला हयात होता का हे विचारण्याचं कारणच उरत नाही. बस, एवढं साधं. आणि दुसरं म्हणजे ती जी हिशोबापुरती समजायची वाटणी वर सांगितली, ती खरी वाटणी नाही, त्यामुळे बाप गेला तेव्हाच कुटुंबाची वाटणी होऊन सगळं संपलं असं म्हणता येणार नाही. तुमच्या केसला हे दुसरं वाक्य फार कामाचं आहे.

आता तुमचे आकडे. सहा एकर म्हणजे २४० गुंठे. विनिता शर्माप्रमाणे दादा, आई, तुम्ही तिघं असे पाच भाग, दादांचा पाचवा भाग परत तुम्हा चौघांत, म्हणजे शेवटी आई, दोन भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकी पाव. ६० गुंठे. आता समजा भाऊ म्हणतो तसंच आहे, फुलवतीच खरी, २००५ चा कायदा तुम्हाला लागूच नाही. तरी १९५६ चा जुना कायदा तर लागू आहे ना? मग दादा, आई, दोन भाऊ असे चार भाग, ६०-६० गुंठे, आणि दादांचे ६० तुम्हा चौघांत, प्रत्येकी १५. म्हणजे भावाचं सगळं म्हणणं मान्य केलं तरी तुमचे १५ गुंठे १९९८ पासूनच आहेत. शून्य कोणत्याच हिशोबात येत नाही. हे कागदावर लिहून भावासमोर ठेवा वाटल्यास, भांडण न करता. (जमीन आजोबांनी स्वतः कमावलेली निघाली आणि दादांना एकट्याला वारसाने आलेली असेल तर वडिलोपार्जित हा शब्दच उडतो, पण मग ती दादांची स्वतःची धरली जाते आणि मृत्युपत्र नाही म्हटल्यावर चौघांना सारखी, परत ६०. तेव्हा त्या वाटेनेही भावाला फार काही मिळणार नाही.)

आणि जाता जाता, वरच्या दोन्ही हिशोबांत आईचं नाव आहे ते दिसलं का? नव्यात ६० गुंठे, जुन्यात ७५. तुमच्या पत्रात २००३ ला "भावांनी वाटणी केली" असं आहे, आईला काय दिलं ते नाहीये. मला वाटतं काहीच दिलं नसावं, "आईला काय, ती आमच्याकडेच आहे" असं म्हटलं असणार. आपण बहिणीच्या हक्कावर एवढं बोलतो आणि सातबाऱ्यावर आई कुठे आहे हे कोणी बघत नाही, ती सत्तर-पंचाहत्तरची म्हातारी औषधाच्या पैशाला मोठ्या सुनेकडे हात पसरते आणि तिच्या नावावर कायद्याने पाऊण-एक नाही, चांगली दीड एकर बागायत असते. असो.

आता जिथे खरी खेच होणार आहे तिथे येऊ, ती म्हणजे २००३ ची वाटणी. कारण भावाचा वकील हुशार असेल तर तो फुलवती काढणारच नाही, तो २००३ काढेल. २००५ च्या कायद्यातच लिहिलंय की २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी, विक्री, मृत्युपत्र याला धक्का लागणार नाही. ही तारीख अशीच कुठूनतरी आलेली नाही, त्या दिवशी हे बिल राज्यसभेत मांडलं गेलं. कारण उघड आहे, बिलाची बातमी कळल्यावर लोकांनी घाईघाईत मुलींना वगळून वाटण्या करून टाकल्या असत्या. तुमची वाटणी त्याच्या आधीची आहे. मग संपलं का? नाही. वाटणी म्हणजे काय तेही कायद्याने सांगितलंय, रजिस्टर केलेला वाटणीचा दस्त, नाहीतर कोर्टाचा हुकूमनामा. शंभरच्या स्टॅम्पवर लिहून दोन पंचांच्या सह्या घेतल्या ती वाटणी यात बसत नाही, नोटरी केली असली तरी नोटरी म्हणजे रजिस्टर नव्हे, हे लोकांना कितीदा सांगितलं तरी पटत नाही.

पण इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. विनिता शर्मात कोर्टाने म्हटलंय की तोंडी वाटणी सहसा मान्य करायची नाही, नुसत्या तोंडी साक्षीवर तर नाहीच, पण अगदी अपवादाने, सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तर विचार करता येईल. तुमच्या भावांकडे सरकारी कागद आहे, २००३ चा फेरफार (म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याची नोंद) आणि त्यानंतर वेगळे झालेले सातबारे, वीस वर्षं वेगळी वहिवाट, वेगळी कर्जं. त्यावर ते जोर देणार. तुमचं उत्तर असं असेल की फेरफार हा महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही (हे कोर्टांनी इतक्या वेळा सांगितलंय की मोजदाद नाही), आणि वाटणी खरी असेल तरी ज्या हिस्सेदारांना बोलावलंच नाही त्यांच्यावर ती बंधनकारक कशी? यात कोण जिंकेल हे पत्रावरून सांगणं म्हणजे फसवणूक होईल. तुमच्या बाजूचं पारडं मला जड वाटतं, पण ती कागदांवर ठरणार.

तर कागद. सोमवारी निफाडला जायचंच असेल तर रजिस्टर ऑफिसला न जाता तहसीलला जा, तिथल्या अभिलेख कक्षात अर्ज करा. आत्ताचा सातबारा आणि आठ-अ मोबाईलवरसुद्धा निघतो, तो काढाच, पण तुम्हाला हवेत ते जुने. दोन फेरफार फार महत्त्वाचे. एक, १९९८ नंतर दादांच्या जागी जी वारसनोंद झाली तो. त्यात वारस म्हणून कोणाकोणाची नावं आहेत बघा, तुमचं आहे का, आईचं आहे का. आपल्याकडे बऱ्याचदा मुलींची नावं मालकांच्या रकान्यात न घेता "इतर हक्क" मध्ये टाकून ठेवलेली असतात, ती पण बघा. दोन, २००३ चा वाटणीचा फेरफार. त्यात तहसीलदारांचा आदेश नंबर आहे का, म्हणजे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटप झालंय का, की नुसता अर्ज आणि जबाबावर तलाठ्याने नोंद धरली. आणि सर्वात महत्त्वाचं, त्या फाईलीत तुमच्या नावाचा एखादा जबाब किंवा संमती आहे का. कधी कधी बाईला आठवतही नसतं, भाऊबीजेला गेली होती, चहा पिता पिता एका कागदावर सही केली होती. आणि कधी कधी तिने सही केलेलीच नसते, तरी फाईलीत असते. नोटीस कोणत्या पत्त्यावर काढली तेही बघा, तुम्ही तेव्हा सिडकोत आणि नोटीस माहेरच्या घरावर लावली असेल तर ती कोणी वाचली हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं मिळायला महिना लागेल, दोन लागतील. लागू देत. एक गोष्ट लक्षात ठेवा, असे दावे लावायला मुदत असते, तुम्हाला वगळलंय हे स्पष्ट कळल्यापासून ती मोजतात, आणि फसवून घेतलेला दस्त रद्द करून घ्यायचा असेल तर कळल्यापासून तीनच वर्षं. त्यामुळे कागद काढून कपाटात ठेवू नका. नाशिकला जुन्या सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे बाई माणसाला वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही, आपल्याला ते गरिबांसाठी वाटतं पण कायद्यात "स्त्री" एवढंच लिहिलंय. तिथे निदान एकदा कागद दाखवून या, दावा लावायचाच असं काही नाही.

आता सोसायटीच्या कर्जाचं. भावाला खरंच कर्जच काढायचं असेल तर सोसायटीत विचारा की सहहिस्सेदाराचं संमतीपत्र चालेल का. कर्जाला लागते ती संमती, मालकी सोडायला कोण सांगतं? आणि तो हक्कसोडचा मसुदा आधी मागून घ्या, फोटो काढून पाठव म्हणा. त्यात गट नंबर किती आहेत ते मोजा, कर्ज एका गटावर आणि हक्कसोड चारही गटांवर आणि वर घराच्या मिळकतीवरही, असं असतं. "कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता" ही ओळ छापीलच असते. तोंडी कोणी म्हणत असेल की ताई तुला नंतर पाच लाख देऊ तर ते पाच लाख त्या दस्तात लिहून येऊ द्या, चेक नंबरसकट. एकदा दुय्यम निबंधकासमोर फोटो निघाला, अंगठा लागला, की मग मला कळलं नव्हतं हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं, आणि ते फार अवघड असतं. विनिता शर्मा काय आणि कोणीही काय, तुम्ही स्वतःच्या हाताने रजिस्टर करून सोडलेला हक्क सुप्रीम कोर्टाचा निकाल परत आणून देत नाही.

आणि तरीही तुम्हाला सोडायचाच असेल तर सोडा, मी अडवणारी कोण. पण ६० गुंठे सोडतेय हे माहीत असून सोडा. पूर्ण सोडायचा की थोडा, बाग सोडून रस्त्याकडेचे दहा-पंधरा गुंठे घ्यायचे, की पैसे घेऊन मोकळं व्हायचं, की फक्त आईच्या हयातीपर्यंत तिच्या नावावर काही ठेवायचं, हे सगळं बोलता येतं. भावाच्या बाजूनेही बघा ना थोडं. बाग त्याने उभी केलीये, तारा-अँगल, ठिबक, छाटण्या, गारपिटीत झोपलेलं पीक, व्यापारी पैसे बुडवून पळाला असेल तेही त्यानेच सोसलंय, त्याला वाटणारच की मी राबलो आणि ताई हिस्सा मागायला आली. त्याचं ते म्हणणं वाटाघाटीत धरलं पाहिजे. आणि हक्क आला की जबाबदारीही आली, कायद्यात मुलीला मुलाएवढ्याच जबाबदाऱ्याही लावल्यात, तेव्हा सामाईक जमिनीवर बोजा किती आहे ते सातबाऱ्यावर वाचूनच बोलायला बसा. मोठ्या भावाशी आधी बोला, पत्रात सगळं धाकट्याचंच आहे, मोठा काय म्हणतो ते तुम्ही लिहिलंच नाही. बोलताना आईला समोर बसवा, तिची सही पण लागणारच आहे कुठेतरी.

माहेर तुटेल म्हणता. काही घरांत तुटतं, हे खोटं कशाला सांगू. हिस्सा मागितला म्हणून भाचीच्या लग्नाची पत्रिका न आलेल्या बायका मला लिहितात. पण सही करून दिली आणि तरी चार वर्षांनी गंगापूर रोडला फ्लॅट घेतल्याचं भावाच्या स्टेटसवरून कळलं, अशाही लिहितात, आणि त्यांच्याकडे मग माहेरही धड नसतं आणि कागदही नसतो. तुमचा भाऊ कोणत्या जातकुळीचा ते मला कसं कळणार? "मी वकिलाला दाखवून सांगते" एवढंच वाक्य बोलून बघा, आवाज न चढवता. त्यावर तो काय म्हणतो त्यात बरंच कळेल.

आणि मेसेजचं म्हणाल तर घरातल्या ग्रुपवर कोणी निकाल टाकला की एवढं विचारायचं, तारीख कोणती, न्यायमूर्ती किती, आणि पुढे हा फिरवला गेलाय का. सुप्रीम कोर्टाच्या साईटवर निकाल फुकट वाचायला मिळतात, काहींचं मराठी भाषांतरही असतं. विनिता शर्मा भला मोठा आहे, सगळा वाचायची गरज नाही, शेवटची दोन-तीन पानं वाचली तरी पुरे, उत्तर तिथेच क्रमाने दिलंय.

१९९८ चा फेरफार हातात आला की त्यात तुमचं नाव आहे की नाही तेवढं मला कळवा. असेल तर २००३ ला ते कशाच्या आधारावर निघालं हा पुढचा प्रश्न आहे, आणि नसेल तर आधी वारसनोंदीच्या दुरुस्तीपासून सुरुवात करावी लागेल, दोन्हीच्या वाटा वेगळ्या आहेत.